दुसरा पेला

"दुसरा पेला रिकामा आहे तुमचा," दुकानदार काका म्हणाले. पिशवीचं तोंड दुमडता दुमडता, माझ्याकडे न बघता. मी खाली पाहिलं. काउंटरवर तीन पांढरे पेले ओळीने होते. पहिल्यात अर्धा चहा तसाच, तिसऱ्यात त्याहून थोडा जास्त. मधल्याच्या तळाशी फक्त एक पिवळसर कडं उरलं होतं. आणि काका पिशवीत भरत होते तो चहा होता तिसऱ्या पेल्यातला. पाचच मिनिटांपूर्वी तो मीच मोठ्या ठामपणे मागितला होता. मी हसल्यासारखं केलं, पैसे दिले आणि बाहेर पडले. त्यांनी टोमणा मारला नव्हता. दुसरा चहा गळ्यात मारायचा म्हणूनही म्हणाले नव्हते, तसं असतं तर पिशवी दुमडायच्या आधी म्हणाले असते. समोर जे दिसलं ते सांगितलं, इतकंच. पण ते वाक्य पुढचे कित्येक दिवस चपलेत गेलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

ऊलाँग नावाचा चहा चाखायला गेले होते मी. चाखायला म्हणजे खरं तर विकत घ्यायलाच, पण त्या दुकानात चाखल्याशिवाय देत नाहीत. आत शिरल्या शिरल्या वास येतो तो एका कुठल्या चहाचा नसतो. कोरडी पानं, जुनं लाकूड, पत्र्याचे डबे आणि सतत उकळत असलेलं पाणी यांचा मिळून एक वास असतो, नवं दप्तर पहिल्यांदा उघडल्यावर नाकाला जे वाटायचं त्याच्या जवळपास जाणारा. काकांनी तीन डबे काढले, पण त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या स्वतःकडे वळवून ठेवल्या. छोट्या काट्यावर तीन-तीन ग्रॅम पानं मोजली, तीन झाकणाच्या पेल्यांत टाकली आणि प्रत्येकात दीडशे मिलिलिटर उकळतं पाणी ओतून घड्याळ लावलं. पाच मिनिटं. चांगला ऊलाँग असा कुणी पीत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ही पारखायची पद्धत. इतका वेळ पानं उकळत्या पाण्यात राहिली की त्यांना काही लपवता येत नाही. भाजताना करपली असतील, ओलसर जागी राहिली असतील, घाईघाईत वाळवली असतील, तर सगळं पेल्यात उतरतं. "चांगलं पान यातूनही तरून जातं," काका म्हणाले. तोवर आम्ही तिघे गप्प होतो. मी, ते आणि घड्याळ.

मग त्यांनी विचारलं, "कसा लागला?" मी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, छान. दुसरा घेतला, छान. तिसरा, हाही छान आहे. ते थांबून राहिले, मी पुढे काही बोलेन म्हणून. आणि मला एकदम शाळेत फळ्यापाशी उभं केल्यासारखं झालं. जिभेवर काहीतरी घडत होतं, वेगवेगळं घडत होतं, पण मला आधी नावं हवी होती. कुठला कोणता आहे ते कळलं की मग मी काय ते सांगते, असं काहीसं. शेवटी मीच विचारलं, आणि त्यांनी एकेक डबा माझ्याकडे वळवला. पहिला अलिशान. दुसरा डाँग डिंग. तिसरा दा हाँग पाव.

तिसरं नाव मी ऐकलेलं होतं. बस, ठरलं.

दा हाँग पाव म्हणजे मोठा लाल झगा. चीनमधल्या फुजियान प्रांतात वुई नावाचे डोंगर आहेत आणि तिथल्या एका कड्यावर, दगडी बांधाच्या आधाराने वाढलेली सहा जुनी झुडपं आहेत, ही या नावाची मूळ झुडपं. २००६ पासून त्यांची पानं खुडणं बंद आहे. आधीच्या वर्षी जे शेवटचं खुडलं गेलं त्यातला वीस ग्रॅम चहा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला आहे. चहा, आणि तो काचेच्या पेटीत! इतकं सगळं मी कुठेतरी वाचलेलं होतं, त्यामुळे घोट घेताना जीभ काय म्हणते याकडे माझं लक्षच नव्हतं. मी संग्रहालय पीत होते. काकांनी मात्र काही लपवलं नाही. या नावाने बाजारात मिळतं ते त्या झुडपांचं नसतं, त्यांच्या कलमांपासून वाढवलेल्या झाडांचं असतं किंवा वुईच्याच दोन-चार जातींची पानं एकत्र करून बनवलेलं असतं, आणि त्यात वावगं काही नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी मान डोलावली. नाव पिशवीवर होतं ना, तेवढं मला पुरे होतं.

घरी येऊन मी तो चहा मन लावून केला. वाईट मुळीच नव्हता. लांब, काळपट, पीळ दिलेली पानं. कोळशावर भाजल्याचा वास वर आणि खाली काहीतरी थंड, दगडी, पावसाआधी तापलेल्या खडकावर पहिले थेंब पडल्यावर येतं तसलं. तिथले लोक याला खडकाचा सूर म्हणतात, ते ऐकून हसू येतं आणि मग एकदा पिताना पटतं. पण वरची ती भाजल्याची आच माझ्या घशाला लागत राहिली. नव्याने भाजलेला खडकी चहा काही महिने पडून राहावा लागतो, त्यातली आग निवावी लागते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी तो कर्तव्य म्हणून आवडून घेत होते. मोठ्या माणसाच्या कंटाळवाण्या भाषणाला आपण पुढच्या रांगेत बसून मान डोलावतो ना, अगदी तसं. आणि मध्येच आठवायचं, दुसरा पेला रिकामा आहे तुमचा.

काय होतं त्या दुसऱ्या पेल्यात? मी आठवायचा प्रयत्न केला तर चव नाही, हात आठवला. बोलता बोलता माझा हात आपोआप तिकडे जात होता. काकांचं बोलणं ऐकताना, डब्यांकडे बघताना, पैसे काढायला पर्स उघडायच्या आधीसुद्धा. म्हणजे माझं मत तयार होतं, फक्त ते माझ्या तोंडाला कळवलेलं नव्हतं.

याचं मूळ कुठे असेल याचा विचार करताना एक जुनी गोष्ट वर आली. मी सात-आठ वर्षांची असेन. आई-बाबांबरोबर कुणाकडे तरी गेलो होतो, बाबांच्या साहेबांचं घर असावं, कारण बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. आम्हाला पाणी दिलं. स्टीलचे चकचकीत पेले, थंडगार पाणी. मी तोंडाला लावलं आणि म्हणाले, "याला वास येतोय." आईचा चिमटा इतक्या वेगात आला की शेवटचा शब्द पुरता बाहेर पडायच्या आत दंडाला कळ लागली होती. साहेबांच्या पत्नीने पेला घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, "नाही गं, ताजंच आहे." बाबांनी त्यांचा पेला शांतपणे संपवला. आईनेही. मीही संपवला, डोळे मिटून. परतताना रस्त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाबा एकदम म्हणाले, "वास मलाही आला होता." आई त्यांच्याकडे रागाने बघत राहिली. मला त्या क्षणी बाबा खूप आवडले आणि थोडे आवडले नाहीतही, कारण हे त्यांनी तिथे म्हणायला हवं होतं असं मला वाटलं. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे. चार जणांत पेला संपवून टाकण्याची माझी सवय त्यांच्यापेक्षाही पक्की झाली आहे, आणि बाहेर आल्यावर खरं सांगण्याची त्यांची सवय मात्र माझ्यात उतरलेली नाही.

आपल्या भाषेत खरं तर चवीसाठी शब्दांची काही वाण नाही. तुरट हा आपला स्वतंत्र रस आहे, षड्रसांत मानाने बसलेला, आणि चहाचं निम्मं बोलणं त्या एका शब्दावर चालू शकतं. भाजल्याच्या वासाला तर केवढ्या पायऱ्या. खमंग, मग खरपूस, आणि एक पाऊल पुढे गेलं की करपट. ऊलाँग भाजणाऱ्याचं सगळं कसब या तीन शब्दांच्या मधल्या दोन फटींत आहे. कडवट आणि कडसर वेगळे, उग्र आणि गडद वेगळे, वास दरवळणं वेगळं आणि घमघमणं वेगळं. एवढा ऐवज घरात असताना मी काउंटरपाशी उभी राहून तीनदा छान म्हणाले. छान म्हणजे काय? छान म्हणजे मला मोकळं करा.

महिन्याभराने मी पुन्हा गेले. काकांना मी आठवत होते की नाही कोण जाणे, त्यांनी तसं दाखवलं नाही. मी म्हणाले, "काका, मागच्या वेळचा मधला पेला हवाय." ते हसले आणि म्हणाले, "बसा." या वेळी त्यांनी पारखायची भांडी काढलीच नाहीत. मुठीत मावेल एवढं झाकणाचं भांडं काढलं, गायवान म्हणतात ते, शंभर-सव्वाशे मिलिलिटरचं, आणि त्यात सहा-सात ग्रॅम पानं. हिरवट तपकिरी, घट्ट वळलेल्या गोळ्या, पोर्सेलीनवर खडखड वाजणाऱ्या. उकळतं पाणी ओतलं आणि काही सेकंदांत फेकून दिलं. मला ते पाणी वाया गेल्याचं उगाच वाईट वाटलं. "जागं करायचं आधी," ते म्हणाले, आणि ओल्या गरम पानांवरचं झाकण उचलून माझ्या नाकाशी धरलं.

अनंत. त्या वासाला मला दुसरं नावच सुचेना. आमच्या जिन्याखाली अनंताचं एक झाड होतं. त्याचं फूल तोडून ओंजळीत आणलं की वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत जिथे बोटं लागली तिथे पाकळी पिवळी, मग तपकिरी पडायची. आजी म्हणायची, बघायचं, हात नाही लावायचा. आणि गंमत अशी की झाकणावर जो वास होता तो ताज्या पांढऱ्या अनंताचा नव्हताच. तो बोटं लागलेल्या, पिवळ्या पडलेल्या, दुसऱ्या दिवशीच्या अनंताचा होता. जास्त गोड, जरा थकलेला, किंचित भाजल्यासारखा. हे मी मोठ्याने म्हणाले. छान म्हणाले नाही, दुसऱ्या दिवशीचा अनंत म्हणाले, आणि म्हणाल्यावर कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

काकांनी नुसतं "हं" केलं. पण मग ते बोलायला लागले. ऊलाँग बनतो तोच मुळी हात लागण्यातून. कोवळी कळी नाही, चांगली उघडलेली तीन-चार पानं देठासकट खुडायची, उन्हात जराशी मरगळू द्यायची, मग सावलीत पसरायची आणि थांबून थांबून हलवायची, पाखडायची, वर-खाली करायची. पानांच्या कडा एकमेकांवर घासतात, चेमटतात, आणि जिथे चेमटतात तिथे हवा लागून तांबूस पडायला लागतात. मधलं पान हिरवं, कडेला लाल किनार. हा खेळ रात्रभर चालतो, आणि कुठे थांबायचं हे बनवणारा बहुतेक नाकानेच ठरवतो. आधी कच्च्या गवताचा वास असतो, तो जाऊन फुलांचा येतो, तिथे थांबायचं की फळांपर्यंत जाऊ द्यायचं? थांबायचं ठरलं की तापलेल्या कढईत किंवा फिरत्या पिंपात पानं टाकायची, की सगळं जागच्या जागी गोठतं. अजिबात तांबूस होऊ न देता आधीच तापवली तर ग्रीन टी, पुरती होऊ दिली तर ब्लॅक टी, आणि मधला सगळा लांबरुंद मुलूख ऊलाँगचा. दहा-पंधरा टक्क्यांवर थांबलेलाही ऊलाँग आणि सत्तरच्या पुढे गेलेलाही. मी विचार करत होते, आजीच्या अनंताला जखम झाली की तो संपला, आणि इथे जखमेवरच सगळं उभं आहे. हा विचार मला फारच गोंडस वाटला म्हणून तो मी काकांना सांगितला नाही.

दुसरं पाणी, तिसरं पाणी. प्रत्येक पाणी वीसेक सेकंदांचं, आणि दर वेळी चव पुढे सरकलेली. डाँग डिंग हा तैवानच्या नानतौ भागातला, लुगू नावाच्या गावाजवळचा डोंगर. नावाचा अर्थ गोठलेलं शिखर, पण उंची सातशे-साडेसातशे मीटरचीच, तिथे गोठण्यासारखं फारसं काही नाही. १८५५ साली लिन फेंगची नावाचा एक जण परीक्षा पास होऊन समुद्रापलीकडून परतताना वुईच्या डोंगरातून छत्तीस रोपं घेऊन आला, त्यातली काही इथे लागली, असं सांगतात. कथा आहे, खरी-खोटी कोण बघणार. पण मला तिचा आनंद वेगळ्याच कारणाने झाला. म्हणजे मागच्या वेळी दुसऱ्या आणि तिसऱ्या पेल्यात, दंतकथेपुरतं का होईना, भावकीच होती.

चहाच्या नावांचं हे प्रकरण काकांनाही फार आवडतं. चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातल्या फीनिक्स डोंगरावर एक ऊलाँग होतो, त्याचं नाव सरळ बदकाची विष्ठा. का, तर म्हणे झाडाच्या मालकाला आपलं झाड शेजाऱ्यांपासून वाचवायचं होतं, म्हणून कुणी वासाबद्दल विचारलं की तो हे सांगायचा. नंतर कुणाला तरी लाज वाटून त्याला फुलाचं एक सभ्य नाव दिलं गेलं, पण गिऱ्हाईक येऊन मागतं ते बदकच. उलट तैवानचा तो दुसरा, पूर्वेची सुंदरी. त्याच्या पानांचा रस तुडतुडे शोषतात, झाड त्या चाव्याला प्रतिकार म्हणून काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि त्यातून मध आणि पिकल्या फळाचा वास येतो. ज्याने ही किडकी पानं पहिल्यांदा चढ्या भावाने विकल्याचं गावात येऊन सांगितलं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, म्हणून गावात त्या चहाचं नाव पडलं फुशारकी. एकाच पेल्यात सुंदरीही आणि थापही. काका म्हणाले, "म्हणून मी चिठ्ठ्या वळवून ठेवतो. सुंदरी म्हटलं की माणसं चाखायच्या आधीच डोळे मिटतात." मी खाली बघितलं.

मग त्यांनी न सांगता आणखी एक पेला पुढे केला. झाकण उचलायच्या आतच वास आला. दुधाळ, लोण्यासारखा, गोड. इतका गोड की खोली भरली. मी घोट घेतला आणि तोंडात जवळजवळ काहीच नव्हतं, पातळ गरम पाणी आणि मागे राहिलेलं एक तेलकटपण. काका बघत होते. छान हा शब्द अगदी ओठांवर आला, सवयीने. दंडावर चिमट्याची जागा सुद्धा आठवली. "हा नको," मी म्हणाले. "नाकात केवढा वास, आणि तोंडात चहाच नाही." त्यांनी पेला मागे घेतला आणि तो चहा ओतून टाकला. जिन श्वान नावाची एक जात आहे, तैवानच्या चहा संशोधन केंद्राने १९८१ मध्ये बारा नंबर म्हणून बाहेर आणलेली. तिच्या पानांना मुळातच एक अंधूक दुधाळ वास असतो, फार लक्ष दिलं तर लागणारा. तो आवडतो म्हणून लोकांनी कसल्याही पानांवर वरून सुगंध मारायला सुरुवात केली. हा तसलाच होता. "मग ठेवता कशाला?" मी विचारलं. "मागतात," ते म्हणाले. "येणारे दहातले सात तरी याला छान म्हणतात." त्या शब्दावर त्यांनी जोर दिला की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

या वेळी पिशवीत डाँग डिंग होता, पन्नास ग्रॅम. निघताना मी पेल्यांकडे वळून पाहिलंच.

घरी पहिल्याच दिवशी केला, आणि अनंत आला नाही. भाजल्याचा खरपूस वास होता, रंग तोच होता, मधाळ पिवळा, पण वास जणू जाड पडद्याआडून येत होता. गिळल्यावर मागून घशात जी गोडी परत येते ती कुठे अर्ध्या वाटेवर थांबलेली. मी पानं वाढवून पाहिली. वेळ कमी केला. भांडं आधी गरम केलं. चौथ्या दिवशी काकांना फोन केला, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पाणी कुठलं?" नळाचं, दुसरं कुठलं असणार. "नुसतं पिऊन बघा," ते म्हणाले. "गार. चहा न घालता."

मी चहाच्या त्याच पांढऱ्या पेल्यात नळाचं पाणी घेतलं, ओट्यापाशी उभी राहिले आणि नाक लावलं. क्लोरीन. पोहण्याच्या तलावावर येतो तसा, फक्त फार बारीक, आणि त्याच्या मागे टाकीचा, जुन्या नळीचा, ओल्या सिमेंटचा कसलासा वास. इतकी वर्षं मी हे पाणी रोज पीत आले होते. आलेल्या-गेलेल्यांना दिलं होतं. कुणीही काही म्हणालं नव्हतं.

मुलगी बाहेर फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मी पेला तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, कसा वाटतो सांग. तिने मान वर न करता पेला घेतला, एक घोट घेतला आणि परत दिला.

"छान आहे."

"यात चहा नाहीये," मी म्हणाले.

तिने फोन खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि पेल्यासाठी पुन्हा हात पुढे केला.